पऱ्याकाठचा तिबोटी खंड्या: रोहिणीपासून हस्तापर्यंत घरटं ओळखावं, पाहावं आणि राखावं कसं

मे महिन्याच्या मध्यावर कोकणात दोन गोष्टींची घाई असते. आंबा उतरवायची आणि पावसाच्या आत माती हलवायची. बांध घालायचा, पाणंदीची दरड तासायची, जमलं तर पऱ्याच्या, म्हणजे लहान ओहोळाच्या, कडेला चिऱ्याची भिंत उभी करायची. चिपळूणजवळ आमच्या वाडीमागे असाच एक पऱ्या आहे. त्याची पुरुषभर उंचीची तांबड्या मातीची कड खणून काढायची आणि तिथे चिरे लावायचे, असं मी एका वर्षी ठरवलं होतं. जेसीबीवाल्यानं आज येतो, उद्या येतो करत रोहिणी घालवली. पाऊस लागला, काम राहिलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच कडेत, सोडणासकट सुपारी जेमतेम आत जाईल एवढं एक भोक दिसलं आणि त्यातून काहीतरी सुटलं: चोच लालभडक, पोट पिवळंधमक, पाठ निळी-काळी. तिबोटी खंड्या.

तेव्हापासून दर पावसाळ्यात मी त्या कडेसमोर बसतो. बसण्यात चुका खूप केल्या, त्यातली एक फार महागात पडली, ती पुढे सांगतोच. तुमच्या वाडीमागे, शाळेच्या वाटेवर, देवराईच्या ओहोळाला अशी एखादी कड असेल, तर यंदाच्या पावसात काय करायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हे नक्षत्रांच्या क्रमानं लिहितो आहे. पक्ष्याचं वेळापत्रक पावसाला बांधलेलं आहे, त्यामुळे तारखांपेक्षा नक्षत्रं सोयीची पडतात.

आधी पक्षी ओळखा

चोचीसकट लांबी १२ ते १४ सेंटीमीटर, म्हणजे चिमणीपेक्षाही लहान. वजन पंधरा-वीस ग्रॅम, सोललेल्या दोन सुपाऱ्यांएवढं. डोकं नारिंगी, त्यावर जांभळी झाक. कपाळावर काळसर ठिपका आणि कानामागे निळा-पांढरा डाग. पायाला इतर खंड्यांसारखी चार बोटं नसून तीनच, म्हणून ‘तिबोटी’. लिनियसनं १७५८ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं, ते आज ‘सेयक्स एरिथॅका’ असं लिहितात.

तारेवर बसून खेकसणारा तपकिरी-निळा, पांढऱ्या गळ्याचा खंड्या आपल्या ओळखीचा. नदीकाठी बाणासारखा जाणारा छोटा निळा खंड्याही अनेकांनी पाहिलेला असतो. तिबोटीचा या दोघांशी घोळ होत नाही, कारण तो उघड्यावर येतच नाही. त्याला दाट सावलीतला, वर झाडांचं छत असलेला लहान ओहोळ लागतो. बहुतेक वेळा तो आधी ऐकू येतो. एकच बारीक, टोकदार शीळ पाण्यावरून सरकत जाते आणि आपण मान वळवेपर्यंत पक्षी वळणापलीकडे गेलेला असतो.

आणि तो मुख्यतः मासे खाणारा नाही. खंड्या म्हटलं की मासे, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की लोक डोहाकाठी त्याची वाट पाहत बसतात. सापसुरळ्या, पाली, लहान बेडूक, कुर्ल्यांची पिल्लं, कोळी, नाकतोडे, रातकिडे, चतुर हा त्याचा बाजारहाट. हे सगळं पाण्याइतकंच पातेऱ्यात, म्हणजे सुकून पडलेल्या पाल्यात, मिळतं. घरटं टिकवायचं असेल तर ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण पहिली पायरी तिथेच आहे.

पायरी पहिली: मे महिन्यात कड तयार ठेवा, म्हणजे तिला हात लावू नका

पावसाआधी आपली तांबडी माती विटेसारखी कडक असते. पंधरा ग्रॅमच्या पक्ष्याला ती चोचीनं खणता येणं शक्य नाही. पहिले दोन-चार जोराचे पाऊस झाले की ती मऊ पडते, तरी उभी राहते. त्याच सुमारास बेडूक, किडे, सापसुरळ्या बाहेर पडतात. मऊ माती आणि भरलेलं पोट या दोन्ही गोष्टी कोकणात फक्त पावसात एकत्र मिळतात, म्हणून इतर पाखरं विणीतून मोकळी होत असताना हा वीण सुरू करतो.

वाडीतून एक फेरी मारा आणि पऱ्याच्या, पाणंदीच्या, जुन्या गडग्याच्या मागच्या अशा कडा बघून ठेवा: उभी किंवा किंचित पुढे झुकलेली माती, वरून लोंबणारी मुळं किंवा नेचे, समोर थोडी मोकळी हवा आणि दिवसभर सावली. कड पाण्याला लागूनच हवी असं नाही. ओहोळापासून थोडी आत, पायवाटेच्या बाजूची दरडही त्याला चालते. उंचीही फार लागत नाही. कंबरेएवढ्या कडेतसुद्धा मी बीळ पाहिलं आहे, फक्त अशी घरटी मांजराला आणि मुंगसाला सोपी जातात.

कड सापडली की तीन कामं. एक, वरून वाहून येणारं पाणी कडेच्या तोंडावर पडत असेल, तर माथ्यापासून तीन-चार फूट मागे एक उथळ चर काढून ते बाजूला वळवा. हे मेमध्येच, पावसात नाही. दोन, कडेवरचं रान बेणू नका आणि तणनाशक मारू नका. काजू-आंब्याच्या बागेत मारलेलं तणनाशक पहिल्या पावसात पऱ्यात उतरतं आणि आपण ज्याला रान म्हणतो ते या पक्ष्याच्या घराचं दार झाकणारा पडदा असतो. तीन, त्या भागातला पातेरा गोळा करून जाळू नका. सापसुरळ्या त्यातच असतात.

माती हलवायची, भिंत घालायची असेल तर ते काम दसऱ्यानंतर काढा. एकदा मृग लागला की कड ऑक्टोबरपर्यंत त्याची.

पायरी दुसरी: रोहिणीत रात्रीचे दिवे

रोहिणी लागते २५ मेच्या आसपास, मृग ७ जूनच्या सुमारास. हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या तक्त्यात मुंबईला मोसमी पाऊस पोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, तळकोकणात त्याच्या काही दिवस आधी. याच पंधरवड्यात तिबोटी आपल्याकडे येतो आणि येतो रात्रीचा. अंधारात उडताना दिव्यानं दिपून तो घराच्या भिंतीवर, काचेवर आपटतो. ‘सकाळी पडवीत एक रंगीत पाखरू पडलेलं होतं’ असे फोन याच दिवसांत येतात.

म्हणून मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत रात्री दहानंतर बाहेरचे प्रखर दिवे घालवा आणि मोठ्या काचेच्या खिडक्यांना पडदे ओढा. गावात नव्यानं झालेल्या होमस्टेवाल्यांना हे आवर्जून सांगा, काचा त्यांच्याकडे जास्त.

आपटलेला पक्षी सापडला तर असं करा. हलक्या हातानं, फडक्यात धरून उचला. पुठ्ठ्याच्या खोक्याला चार भोकं पाडा, तळाशी सुती कापड घाला, त्यात ठेवा, झाकण लावा आणि शांत अंधाऱ्या खोलीत ठेवून द्या. पाणी पाजू नका, चोचीत थेंब सोडला की तो श्वासनळीत जातो. खायला काही घालू नका. मुलांना दाखवायला दर पाच मिनिटांनी झाकण उघडू नका. बहुतेक वेळा तास-दोन तासांत तो सावरतो, खोक्यात हालचाल ऐकू येते. उजेड असेल तर ओहोळाजवळच्या सावलीत नेऊन झाकण उघडा आणि मागे व्हा. रात्र असेल तर पहाटेपर्यंत थांबा. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा दुपारपर्यंत उडाला नाही, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पाळण्याचा विचारही नको. कायद्यानं तो गुन्हा आहेच, शिवाय हे पाखरू पिंजऱ्यात तगत नाही.

पायरी तिसरी: भोक कुणाचं, ते ठरवा

मृग अर्धा सरला की कडेकडे लक्ष ठेवायला लागा, पण लांबून. घरटं ‘शोधायला’ निघालेला माणूस कडेला नाक लावून भोकं तपासत फिरतो, आणि नेमका खोदणारी जोडी हुसकावतो. घरटं आपण शोधायचं नसतं, पक्ष्यानं दाखवायचं असतं. सकाळी सात ते नऊ पऱ्याच्या वळणावर एका जागी बसा. शीळ कुठल्या दिशेनं येते आणि कुठे थांबते, ते तीन-चार सकाळी टिपा. थांबण्याची जागा एकच निघाली की दुर्बीण तिकडे लावा.

कडेत भोकं अनेक असतात, ती वाचायची खूण अशी. तिबोटीचं तोंड साधारण चार-पाच सेंटीमीटरचं, गोलसर. त्याच्या खालच्या कडेला दोन बारीक समांतर चर दिसतात, आत-बाहेर करताना दोन्ही पायांनी घासून पडलेले. हे दोन चर म्हणजे वापरातल्या बिळाची सगळ्यात भरवशाची खूण. मधे कोळ्याचं जाळं असेल तर ते बीळ रिकामं. पांढऱ्या गळ्याच्या खंड्याचं भोक सरळ दिसण्याइतकं मोठं असतं. कुर्लीचं बीळ बहुधा खाली, पाण्याच्या पातळीजवळ, आणि तोंडाशी चिखलाच्या गोळ्या. उंदराच्या बिळाला असे चर नसतात, उलट पायवाट तुळतुळीत झालेली असते. वेडा राघूही मातीत बीळ करतो, पण त्याला उघडी, उन्हातली जागा हवी आणि त्याची वीण पावसाआधी उरकते.

खोदकाम चालू असताना पाहायला मिळालं तर ती मेजवानी. सुरुवातीला बसायला आधारच नसतो, म्हणून पक्षी समोरच्या फांदीवरून उडून कडेवर चोचीचा वार करतो आणि परत जातो. पुन्हा वार, पुन्हा परत. खळगी पडली की तिच्यात पाय रोवून खणतो आणि माती पायांनी मागे लोटतो. नर-मादी आळीपाळीनं खणतात. दोघांच्याही चोची चिखलानं माखलेल्या, लाल रंग दिसतच नाही. मधेच दगड किंवा जाड मूळ लागलं की ते बीळ सोडून शेजारी दुसरं सुरू करतात, त्यामुळे एका कडेत दोन-तीन अर्धवट भोकं दिसली तर चक्रावू नका. पुरं झालेलं बीळ वीतभरापासून हातभर, कधी मीटरभरही खोल जातं आणि शेवटी अंड्यांची खोली. आत गवत-काडी काही नाही, अंडी नुसत्या मातीवर.

या दिवसांत नर मादीला काहीतरी आणून भरवतो. तेव्हा समजायचं, अंडी आता फार लांब नाहीत.

पायरी चौथी: बसायची जागा

बिळापासून निदान वीस-पंचवीस मीटर, आणि समोर नाही, बाजूला. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण असेल तर एवढ्या अंतरावरून चोचीतली सापसुरळी आहे की पाल, तेसुद्धा कळतं. पक्षी येण्याआधी जागेवर बसा आणि तो बिळात किंवा लांब गेलेला असताना उठा. रेनकोटाचा सळसळाट होतो आणि त्यांचे रंगही भडक असतात. आमच्याकडचं जुनं इरलं या कामाला मला सर्वात बरं वाटतं. पाठीवर घेऊन उकिडवं बसलं की माणूस वाटतच नाही. घोंगडीही चालते, भिजली की जड होते एवढंच.

बिळासमोर पक्ष्याची एक ठरलेली फांदी किंवा मूळ असतं, त्यावर थांबून, इकडेतिकडे बघून मगच तो आत जातो. त्या फांदीच्या आणि बिळाच्या मधे आपण येता कामा नये. तो चोचीत भक्ष्य धरून फांदीवर बसून राहिला, मान वर-खाली करत ओरडतो आहे आणि दहा मिनिटं झाली तरी आत जात नाही, याचा अर्थ एकच: तुम्ही जवळ आहात. तिथूनच मागे सरका. ‘सवय होईल त्याला’ ही आपली समजूत, तेवढा वेळ आत पिल्लं उपाशी असतात.

रोज एक तास पुरे. वही घ्या, पेन्सिल घ्या, पेन पावसात चालत नाही. येण्याची वेळ, चोचीत काय, आत किती वेळ, बाहेर कुठल्या बाजूला गेला, एवढंच लिहायचं.

पायरी पाचवी: आत काय चाललंय ते बाहेरून वाचा

सगळ्यात मोठा मोह आत डोकावायचा असतो. मोबाईलचा दिवा लावून, काठीला कॅमेरा बांधून. यातलं काही करायची गरज नसते, वही नीट असेल तर बीळ बाहेरूनच बोलतं.

अंडी साधारण चार-पाच, पांढरी, चकचकीत, गोलसर. दोघंही आळीपाळीनं उबवतात, सुमारे १७ दिवस. हा काळ बाहेरून एकदम मुका. सकाळभर बसलात तर एखादी अदलाबदल दिसेल: एक शिटी, एक आत, एक बाहेर, पुन्हा शुकशुकाट. माझी मोठी चूक याच दिवसांतली. दुसऱ्याच वर्षी, आर्द्रा संपत आली असताना, तीन दिवस काही हालचाल दिसली नाही म्हणून जोडी गेली असं मी धरलं. तोंडावर लोंबणारा नेचा पुढच्या वेळी अडचण नको म्हणून कोयत्यानं छाटला. कोयता चालवत असतानाच मादी माझ्या कानाजवळून बाहेर सुटली. ती परत आली नाही, नर दोन दिवस ओरडत फिरला. आठवड्यानं घोरपडीनं ते बीळ उकरलं. नेचा असता तर तिला तोंड दिसलं असतं का, कोण जाणे. पण मुकं बीळ म्हणजे रिकामं बीळ नव्हे, हे मला तेव्हा कळलं. उबवण्याच्या काळात जोडी घरटं सोडून जायची भीती सर्वात जास्त असते, म्हणून या १७ दिवसांत अंतर वाढवा, फेऱ्या कमी करा.

अंडी फुटली हे कसं कळतं? चोचीवरून. खंड्या स्वतःसाठी धरलेलं भक्ष्य डोकं आपल्या घशाकडे करून धरतो, म्हणजे गिळायला सोपं. पिल्लासाठी नेताना उलटं: भक्ष्याचं डोकं बाहेर, पुढच्याच्या तोंडात सरळ जाईल असं. दुर्बिणीतून सापसुरळीचं डोकं बाहेरच्या बाजूला दिसलं आणि पक्षी बिळात शिरला, की वहीत तारीख लिहून गोल करा. (हीच खूण नर मादीला भरवतो तेव्हाही दिसते, पण ते बिळाबाहेर, फांदीवर चालतं.)

पहिल्या काही दिवसांत भक्ष्य बारीक असतं, कोळी, लहान किडे. पिल्लं उघडी, आंधळी, तोंडं तेवढी मोठी. जसजशी वाढतात तसं ताटही वाढतं: बेडकी, कुर्लीचं पिल्लू, मग अख्खी पाल. मोठं भक्ष्य पक्षी आधी फांदीवर आपटतो, चांगला आठ-दहा वेळा, हाडं मऊ होईपर्यंत. सापसुरळीची शेपूट तुटून खाली वळवळते आणि हा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एका फेरीत एकच नग, म्हणून दिवसभर दोघांची ये-जा. मुसळधार पाऊस लागला की फेऱ्या मंदावतात, उघडीप मिळाली की एकापाठोपाठ एक. उघडीप झाल्यावरचा पहिला अर्धा तास पाहण्यासारखा, तो चुकवू नका.

दुसऱ्या आठवड्यात बिळाच्या तोंडाशी पांढरे ओघळ दिसतात आणि वास सुटतो. पिल्लं शिटतात ती बोगद्याच्या दिशेनं. आई-बापांना त्यातूनच जावं लागतं, म्हणून बाहेर पडल्यावर ते लगेच पाण्यात बुडी मारून येतात. ही बुडी मासा धरायची नव्हे, आंघोळीची. या वासाच्या मागावर संकटंही येऊ शकतात, त्यावर पुढे.

पिल्लांचे पिसारे शेवटपर्यंत नळ्यांत गुंडाळलेले राहतात, साळिंदराच्या पिल्लागत. आपल्याला ते दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. साधारण २० व्या दिवशी ती बाहेर पडतात. म्हणजे अंडी घालण्यापासून उडण्यापर्यंत सहा आठवड्यांचा मामला. आर्द्रेच्या सुरुवातीला, २२ जूनच्या आसपास अंडी घातली असतील, तर पुष्य नक्षत्र संपता संपता, म्हणजे ऑगस्ट लागताना पिल्लं उडतात. पहिली वीण फुकट गेली तर जोडी पुन्हा अंडी घालू शकते. म्हणून मघा नक्षत्रातही, गौरी-गणपतीच्या धांदलीत, बिळात पिल्लं असू शकतात. मुंबईकर पाहुणे आले की पऱ्यावर गाणी लावून अंघोळीला जातात, त्यांना दुसरा डोह दाखवा.

पायरी सहावी: साप आला, कड कोसळली, माणसं आली

साप, घोरपड, मुंगूस हे घरट्याचे जुने गिऱ्हाईक. धामण बिळाकडे सरकताना पाहिली की हातात काठी घ्यावीशी वाटते. घेऊ नका. धामणीलाही पावसातच खायला मिळतं आणि तुम्ही कडेला धावत गेलात की जी वाट तुडवली जाते, त्या वाटेनं उद्या मांजर येतं. मांजराचं मात्र वेगळं, ते तुमचं आहे. पिल्लं उडायच्या आठवड्यात त्याला घरात ठेवा.

अतिवृष्टीत कडेचा तुकडा कोसळला, तर आधी लांबूनच तासभर पाहा. खोली आत शाबूत असेल आणि पक्षी ये-जा करत असतील तर काहीही करू नका, माती लिंपायलाही जाऊ नका. पिल्लं उघडी पडली असतील आणि आई-बाप येत नसतील, तर पुन्हा १९२६.

फोटोचा विषय लांबवत नाही, पण टाळताही येत नाही, कारण जुलैत गाड्या येतात. झगझगीत दिवा मारायचा नाही, आवाजाची नक्कल वाजवायची नाही, सोयीची काठी रोवायची नाही, सापसुरळ्या पकडून समोर ठेवायच्या नाहीत, पाला छाटायचा नाही. जागा सांगायची नाही: समाजमाध्यमावर टाकायचंच असेल तर पिल्लं उडाल्यावर, आणि गावाचं नाव न घालता. मोबाईलच्या फोटोत ठिकाण आपोआप नोंदलेलं असतं, ते आधी बंद करा. कुणी हुज्जत घातली तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचून दाखवा. रानपक्ष्याची अंडी फोडणंच नव्हे, तर अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंसुद्धा तिच्यात येतं. मी ते पान छापून प्लास्टिकात घालून ठेवलं आहे. वाद निम्मा होतो.

ज्यांना घरटं नको, नुसता पक्षी पाहायचा आहे, त्यांनी कर्नाळ्याला जावं. १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य, पनवेलपासून जवळ, ठरलेल्या वाटा. वाट सोडायची नाही, एवढं पाळलं की झालं.

पायरी सातवी: पिल्लं बाहेर पडतात तेव्हा आणि नंतर

आदल्या एक-दोन दिवसांत फेऱ्यांची तऱ्हा बदलते. बाप चोचीत पाल धरून फांदीवर बसतो, ओरडतो, पण आत जात नाही. तोंडाशी एक मळकट चेहरा दिसतो, चोचीचं टोक पांढरट, रंग फिके. मग ते पिल्लू सरळ समोरच्या झुडपात जाऊन पडल्यासारखं बसतं. जमिनीवर दिसलं तरी उचलू नका, ते अनाथ नसतं, आई-बाप आवाजावरून शोधून भरवतात. वाट असेल तर वाट बदला. सगळी एकाच दिवशी निघतील असं नाही, म्हणून एक उडालं की काम झालं समजून कडेला जाऊ नका.

उत्तरा, हस्त. भात पिवळं पडतं, पऱ्याचा आवाज उतरतो, शीळ ऐकू येईनाशी होते. ऑक्टोबरात जोडी निघून गेली याची खात्री झाली, आठ-दहा दिवस काही आलं-गेलं नाही आणि तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं, की मगच कडेजवळ जा. हात घालू नका, रिकाम्या बिळात विंचू किंवा साप असतो. झावळीचा एक लांब हीर घ्या, हळूच आत सारा, तोंडाशी नखानं खूण करा आणि बाहेर काढून मोजा. तोंडाची रुंदी, जमिनीपासूनची उंची, कडेचं तोंड कुठल्या दिशेला, वरती कुठलं झाड, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पाच वर्षांची अशी पानं शेजारी ठेवली की तुमच्या पऱ्याला नेमकी कुठली कड आवडते ते दिसायला लागतं. माझ्याकडच्या पानांत एक गोष्ट सारखी आहे: तोंडावर नेचा.

कड ढासळली असेल तर तिचा पाय चार दगड लावून आधाराला घ्या, वरची माती मोकळी ठेवा. सिमेंट नको. चराची माती काढायची ती मेमध्ये.

यंदा जेसीबीवाला वेळेवर आला, मेच्या दहा तारखेलाच. त्याला मी वरच्या अंगाचा बांध दाखवला.